सिरीयस आहे

दुबईतल्या देऱ्यात आमच्या खोलीत मेलेल्या माणसाला मेला म्हणायची सोय नव्हती. तो ‘सिरीयस’ असायचा. हे विशेषण डॉक्टरांच्या तोंडून इंग्रजीतून आमच्या कोकणात आलं आणि येताना व्याकरण गुंडाळून ठेवून आलं. ‘मोठा’चं मोठी, मोठं होतं. सिरीयस मात्र बापालाही तेच, आईलाही तेच. आणि त्याला भूतकाळ नाही. ‘सिरीयस होता, आता बरा आहे,’ असं मी तरी कुणाकडून ऐकलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्यातला एक जण साइटवर वरून पडला आणि जागीच गेला. पोलीस, वकिलात, कंपनी, सगळ्यांचे कागद होईपर्यंत त्याला गावी नेता येणार नव्हतं. खोलीतल्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं, पेटी विमानात चढेपर्यंत घरी ‘सिरीयस’ सांगायचं. गावाकडची रीतच ती. फोन करायचा कुणी? तर मी. मी ऑफिसात कारकून, मला म्हणे नीट बोलता येतं. डोंबल येतं!

गावात फोन शेजाऱ्यांकडे होता. गेलेल्याची बायको तिथे यायची. मी ‘सिरीयस आहे’ असं सांगितलं. ती म्हणाली, “आज काही खाल्लं का त्यांनी?”

“थोडी पेज दिली,” मी म्हणालो.

पुढे रोज तेच. पेजेनंतर मऊभात, मग मोसंबीचा रस. मेलेल्या मित्राला मी जेवू घालत होतो आणि माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. खोलीवर येऊन मी भडकायचो, “खलास झालाय तो! त्या बाईला कशाला आशेवर ठेवताय?”

“कागद होतील इन्शाल्ला. तोवर गप बस,” वडीलधारे म्हणायचे.

एका दुपारी बूथमधून फोन लावला, तर ती दबक्या आवाजात घाईनं बोलली, “भावजी, सासूबाई दळण आणायला गेल्यात म्हणून बोलते. मला पहिल्या दिवशीच कळलं. त्या रोज माझ्या शेजारी उभ्या असतात, म्हणून जेवणाचं विचारते. पेटी कधी येईल, तेवढं सांगा.”

मला रडूच फुटलं. बूथच्या काचेला डोकं टेकून मी ढसाढसा रडलो.

“आल्या त्या,” ती पुटपुटली. मग एकदम मोठ्यानं म्हणाली, “काय सांगता भावजी! आज उठून बसले? स्वतःच्या हातानं जेवले?”