खांबाच्या दोन लेन्स

त्याला सगळे खांब म्हणत. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचून कुणी आत येत नसे. एकानं दुसऱ्याला "फोटो खांबाकडूनच काढून घ्या" म्हणायचं आणि दुसऱ्यानं येऊन दार ठोठावायचं, असा त्याचा धंदा चाळीस वर्षं चालला होता. हे नाव उंचीवरून पडलेलं नव्हतं. उंचीनं तो बेताचाच. ते पडलं हाताच्या स्थिरपणावरून. अंधुक खोलीत, फ्लॅश न मारता, नुसत्या खिडकीच्या उजेडात तो कॅमेरा हातात धरून उभा राहायचा, अर्धा श्वास सोडून थांबायचा, आणि कॅमेऱ्याचा पडदा सावकाश उघडून मिटेपर्यंत त्याच्या अंगातलं काही म्हणजे काही हलायचं नाही. तेवढ्याच उजेडात दुसरा कुणी फोटो काढायला गेला की माणसाच्या जागी धुकं निघायचं.

त्याचं गिऱ्हाईक म्हणजे म्हातारी माणसं. स्वतःहून ती कधी येत नसत. त्यांची मुलं खांबाला घरी बोलवायची, म्हातारा नेहमीच्या खुर्चीत नेहमीसारखा बसलेला असताना एक चांगला फोटो काढून घ्यायची, आणि तो कशासाठी हे कुणी बोलून दाखवायचं नाही. खांब ट्रायपॉड वापरत नसे. समोर तीन पायांचं धूड उभं राहिलं की म्हातारी माणसं एक्स-रे काढायला आल्यासारखी बसतात, असं तो सांगायचा. ते खरंच होतं. पण ट्रायपॉडवरून फोटो काढणाऱ्याला खांब कोण म्हणणार, हेही त्यात होतंच. माणसाला तेवढी हौस असायचीच.

लोक थट्टा करायचे, की खांब घरात येऊन गेला म्हणजे समजावं, पोरं फ्रेमचं माप घेताहेत. खांब या थट्टेवर हसायचा. त्याची अक्का मात्र हसत नसे. अक्का त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं तिनं केलं, आणि पुढं शिवणकामाच्या कारखान्यात गणवेशांच्या कॉलरी शिवत सगळी उमर काढली. पण भावापुढं फोटोला ती कधी बसली नाही. "तू माझा फोटो काढायचा म्हणजे मला निरोपच द्यायचा," म्हणायची आणि कॅमेरा दिसला की स्वयंपाकघरात जायची. चाळीस वर्षांत खांबाकडं अक्काची पाठ असलेले फोटो पुष्कळ होते.

अशा या अक्काचा एक दिवस फोन आला.

"ये आता काढायला. नाहीतर उद्या तुम्ही माझा पेन्शनच्या कार्डावरचा फोटो मोठा करून लावाल. त्यात मी चोर दिसते."

"रविवारी येतो," खांब म्हणाला आणि फोन ठेवला.  अक्का फोटोला बसायला कबूल झाली होती, आणि गेलं वर्षभर त्याचा उजवा हात थरथरत होता.

सुरुवात कुलपापासून झाली. किल्ली भोकात जायला दोनदोन वेळा चुकायला लागली. मग चहा बशीत सांडू लागला. एका दिवसापासून बायको अर्धाच कप भरून देऊ लागली. त्यानं मागितला नव्हता, तिनं काही विचारलं नव्हतं, आणि दोघांनी त्यावर कानाडोळा करायचं जणू ठरवूनच टाकलं होतं. डॉक्टरकडं तो गेला नाही. गेलं की थरथरीला नाव मिळेल, आणि आपल्याला एक नाव आहे तेवढं पुरे, असा त्याचा हिशेब. शेवटी एका गिऱ्हाइकाच्या जिन्यात, बदलायला काढलेली वीस वर्षांची जुनी लेन्स हातातून सुटली ती सात पायऱ्या खाली गेली. "पिशवीचा बंद तुटला," असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. बंद धडधाकट होता. म्हणून रविवारच्या आत नवी लेन्स घेणं आलं.

लेन्स विकणाऱ्याला तो भिंगवाला म्हणायचा. तीस वर्षांची ओळख, आणि तीस वर्षांत एकदाही एकमत नाही. भिंगवाल्यानं काउंटरवर दोन लेन्स मांडल्या. एक छोटी, दोन बोटं जाडीची, शर्टाच्या खिशात टाकली तर खिसा ओघळू नये इतकी हलकी. दुसरी मोठी, पाण्याच्या तांब्याएवढी, काळ्या मखमलीच्या पिशवीत निजवलेली, किमतीला पहिलीच्या सहापट.

"ही मोठी घे," भिंगवाला म्हणाला. "आयुष्यात एकदा तरी घे. काच बघ तिची."

"काच बघून काय करू? मला फोटो काढायचेत, तोंड नाही बघायचं."

"हिच्यात हात सांभाळायची सोय आहे. हात हलला की आतली काच उलट्या बाजूला हलते आणि फोटो हलू देत नाही."

"ते तुझ्या लेच्यापेच्या गिऱ्हाइकांना सांग," खांब म्हणाला आणि छोटी घेऊन घरी गेला.

घरी त्यानं खिडकीपाशी बायकोला बसवून दहा फोटो काढले. दहाच्या दहा पुसट. अर्धा श्वास सोडून पाहिला, सगळा सोडून पाहिला, दाराच्या चौकटीला खांदा लावून पाहिला. दुसऱ्या दिवशी तो तणतणत दुकानात गेला आणि सगळं खापर लेन्सवर फोडलं. "पीस खराब आहे. बदलून दे." भिंगवाल्यानं काही न विचारता आत जाऊन बदलून आणला. त्याचेही फोटो पुसट. खांब परत गेला. आता ही गोष्ट चाळीस वर्षं कॅमेरा धरलेल्या माणसाला कळत नव्हती असं नाही. हललेल्या हाताचा पुसटपणा वेगळा आणि खराब काचेचा वेगळा, हे तो नवशिक्यांना हजारदा शिकवून बसला होता. पण शिकवणं वेगळं आणि स्वतःचा फोटो समोर धरून तेच वाचणं वेगळं. जोवर लेन्स बदलता येत होती तोवर त्याला आशा होती.

तिसऱ्या खेपेला भिंगवाल्यानं लेन्स बदलली नाही. त्यानं कोपऱ्यातला ट्रायपॉड ओढला, खांबाचाच कॅमेरा त्यावर बसवला, आणि समोरच्या फळीवरच्या खोक्यांचा फोटो काढला. दोघांनी तो कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर मोठा करून पाहिला. खोक्यांवरची अक्षरंच काय, चिकटपट्टीखाली अडकलेला केससुद्धा स्वच्छ दिसत होता. खांबाचा चेहरा उतरला.

"ही पहिलीच लेन्स आहे," भिंगवाला हळू म्हणाला. "मी नुसता खोका बदलून देत होतो."

"का?"

"पहिल्या दिवशी सांगायचं ठरवलं होतं. जमलं नाही. दुसऱ्या दिवशीपण ठरवलं होतं."

तीस वर्षांत पहिल्यांदा दोघांजवळ भांडायला काही नव्हतं. 

मग खांबानं मोठ्या लेन्सकडं बोट केलं. "ही किती थरथर सांभाळते?"

"तुझी आत्ताची सांभाळेल."

"आणि दोन वर्षांनंतरची?"

भिंगवाला फडक्यानं काउंटर पुसायला लागला. काउंटर स्वच्छच होतं. "ते कागदावर लिहिलेलं नसतं," तो म्हणाला. "दोन्ही घेऊन जा. रविवारी बघ, सोमवारी एक परत आण." आणि खांब नको म्हणत असताना त्यानं ट्रायपॉडही त्याच्या खांद्याला अडकवला.

खांब चालत घरी निघाला. एरवी तो बसनं जायचा, पण त्याला विचार करायचा होता आणि बसमध्ये ओळखीचे भेटतात. मोठी लेन्स घेतली तर कुणाला काही कळणार नव्हतं. दोन वर्षं, कदाचित तीन, तो खांबच राहिला असता, आणि पुढचं पुढं. छोटी घेऊन ट्रायपॉडवर लावली तर काम तो असेपर्यंत चाललं असतं, पण नाव त्याच दिवशी जाणार. पहिल्याच गिऱ्हाइकानं विचारलं असतं, "का हो, आज तीन पाय कशाला?" त्याला त्या प्रश्नाची भीती वाटत होती, हातापेक्षाही जास्त. हात त्याचा एकट्याचा होता. नाव सगळ्या लोकांनी मिळून दिलेलं होतं, आणि ते परत मागायला ते सगळे येतील असं त्याला वाटत होतं.

रविवारी सकाळी तो अक्काकडं गेला. अक्का खिडकीजवळच्या बाकावर बसली होती. केस ओले करून चापून बसवलेले, अंगावर राखी शाल, पाय एकमेकांना चिकटवलेले. शेजारी तिचं शिवणयंत्र कापडानं झाकलेलं होतं. खांबानं आधी मोठी लेन्स काढली.

"हे काय, तोफ आणलीस?" अक्का म्हणाली.

"चांगली असते ही."

"मी कुठं किल्ला आहे."

ती लेन्स जवळून चालत नव्हती, म्हणून तो दारापर्यंत मागं सरकला. चार फोटो निघाले. ते स्वच्छ होते, उगाच कशाला नावं ठेवा. अक्काच्या पापण्या मोजून घ्याव्यात इतके स्वच्छ. पण चारही फोटोंत ती बँकेच्या साहेबापुढं बसल्यासारखी बसली होती. पाचव्या फोटोला त्या वजनानं खांबाचा हात असा काही हलायला लागला, की आतली काच बिचारी किती उलटी हलणार. त्यानं कॅमेरा झटकन खाली घेतला आणि अक्कानं पाहिलं का ते पाहिलं. ती शालीचं टोक नीट करत होती.

मग तो ट्रायपॉड उघडू लागला. त्यावर छोटी लेन्स लावलेला कॅमेरा बसवला, लांब वायरीचं बटण जोडलं, आणि बाजूला उभा राहिला. आता करायला काही उरलं नव्हतं. चाळीस वर्षं त्याचं तोंड कॅमेऱ्याच्या मागं असायचं. ते उघड्यावर कसं ठेवायचं हे त्याला उमजेना. त्यानं एक हात खिशात घातला. अक्का कॅमेऱ्याकडं न बघता त्याच्याकडं बघत होती.

"तू असा शाळेत शिक्षा झाल्यासारखा उभा राहिलास तर मी कुणाकडं बघू?"

"समोर बघ."

"समोर काय आहे, बाटलीच्या झाकणाएवढं भिंग. त्याच्याकडं बघून मला हसू येईल. इकडं ये, बस माझ्याजवळ."

"मी फोटोत येत नसतो अक्का."

"मीपण येत नव्हते. ये."

तो जाऊन तिच्याशेजारी बसला. बटण डाव्या हातात घेतलं, उजवा मांडीवर ठेवला. अक्का त्याला म्हणाली, की तू जाडा झालास, बायको फार लाड करते, आणि त्याच्याकडं बघत हसत थांबली. तेवढ्यात कॅमेऱ्याचा पडदा सावकाश उघडला आणि मिटला. खांबानं उठून कॅमेरा काढून आणला आणि स्क्रीनवरचा फोटो तिला दाखवला. तिनं चष्मा लावून कितीतरी वेळ पाहिला. भिंतीवरचं घड्याळ स्वच्छ, शालीची वीण स्वच्छ, तिच्या स्वतःच्या ओठांच्या कडेच्या सुरकुत्या स्वच्छ. ती अर्धी वळून हसत होती आणि खरी अक्का दिसत होती. खांबाच्या मांडीवर मात्र, जिथं त्याचा उजवा हात असायला हवा, तिथं मेणासारखं काहीतरी पसरलेलं होतं.

"हे काय झालं इथं?" अक्कानं बोट टेकवलं.

"लेन्स स्वस्तातली आहे ना," खांब म्हणाला.

अक्कानं चष्मा कपाळावर सरकवला. "सगळी खोली स्वच्छ आलीय. मी आलेय. घड्याळातले आकडेसुद्धा दिसताहेत. तुझ्या लेन्सचं काय तुझ्या एकट्या हाताशीच वैर आहे?"

 अक्कानं घाई केली नाही. तिनं त्याला लहानपणी असंच कित्येकदा बसवून ठेवलं होतं, आणि शेवटी बोलायचा तो नेहमी तोच.

"हात थरथरतो गं माझा," तो म्हणाला. हे तो पहिल्यांदाच मोठ्यानं बोलत होता, आणि स्वतःचा आवाज त्याला फार लहान वाटला.

"कधीपासून?"

"वर्ष झालं."

"वर्ष झालं, आणि मला आज सांगतोस. तेही मी फोटो काढून घेतला म्हणून." तिला खरंच राग आला होता. ती खिडकीबाहेर पाहत राहिली. मग तिनं त्याचा उजवा हात उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला, आणि पूर्वी शिवायला आलेलं कापड पारखायची तसा उलटासुलटा करून पाहिला. हात तिच्या हातातही थरथरतच राहिला. "चाळीस वर्षं लोकांच्या म्हाताऱ्यांना न हलता बघत उभा राहिलास," ती म्हणाली. "दमला असेल तो."

खांबाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला त्यानं हात ओढून घेतला आणि नंतर, सवयीनं, मांडीखाली दडवला.

"लाव ते परत त्या तीन पायांवर," अक्का म्हणाली. "पुन्हा काढ. आणि हात बाहेर काढून बस. माझ्या भिंतीवर लावायचाय तो फोटो, मी असेपर्यंत मलाच बघायचाय. हाताशिवायचा भाऊ कुठं लावू?"