आर्विलच्या बँजोला पट्टा

डेल्फी पॉटरनं जन्मभर कातड्याला भोकं पाडली. बाप खाणीतल्या खेचरांचा साज शिवायचा; त्याच्या मांडीला मांडी लावून ती सातव्या वर्षी आरी धरायला शिकली. पुढं खेचरं गेली, यंत्रं आली, आणि ती खाणकामगारांचे बूट सांधायला, कमरपट्टे आवळायला लागली. केंटकीच्या त्या डोंगरात कोळशाची धूळ छातीत बसलेला गडी आधी पायरीवर थांबतो, मग जेवण टाकतो, मग त्याची बायको पट्टा घेऊन डेल्फीकडं येते. "आत एक भोक पाड गं." डॉक्टरला छातीचा फोटो काढून कळायचं ते डेल्फीला पट्ट्यावरनं कळायचं. ती बोलायची नाही कुणाला. तिच्या स्वतःच्या नवऱ्याच्या, टोल्बीच्या पट्ट्याला तिनं सहा पाडली होती. सातव्याची वेळ आली नाही.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी आर्विल स्लोन तिच्या दुकानात आला. दारापासनं बाकड्यापर्यंत चार पावलं, तेवढ्यात दोनदा थांबला. मागनं त्याची लेक लोर्ना बँजो घेऊन आली. कातडं मढवलेली गोल कडी, तिला लांब दांडी, पाच तारा आणि पाठीला लाकडी परात. बारा पौंडांचं धूड.

"पट्टा पायजे," आर्विल म्हणाला. "उभ्यानं वाजवायला."

"एवढी वरसं सुतळीवर भागवलंस की."

"सुतळी रुततीया. खांद्याला मांस हाय कुठं आता?"

"मावशी, तू तरी सांग त्यांना," लोर्ना कावली होती. "खुर्ची नेते म्हणलं वर. बसून वाजवा. तर ऐकायचं नावच नाही!"

येत्या रविवारी स्लोन लोकांची थडगी सजवायची होती. दरसाल सगळा गोतावळा टेकडीवर चढतो, तण उपटतो, कागदी फुलं वाहतो, मग चादरी अंथरून जेवतो. जेवणाआधी मेलेल्यांची नावं पुकारायची आणि त्या नावांखाली आर्विलचा बँजो वाजायचा. नावं संपेस्तवर कुणी बसत नाही. नव्वदीच्या म्हातारीलासुद्धा दोघं दोन्हीकडनं धरून उभं करतात.

"बसायचं असंल तर बस की," डेल्फी म्हणाली. "कोण तुला फाशी देतंय?"

"ड्यूई न् अर्व्हिन, माझे दोघं भाऊ, खाणीच्या छताखाली गाडले गेले तवा मी घरात दाढ धरून बसलो हुतो. माझी पाळी हुती ती. आता त्यांच्या म्होरं परत बसू?"

लोर्नानं बँजो बाकड्यावर ठेवला.

डेल्फीनं खुंटीवरनं तीन पट्टे काढले. पहिला सुती, दुकानातला, टोकांना लोखंडी आकडे. तो तिनंच परत टांगला. "ह्यो नगं. दर सुराला आकडा खुळखुळंल." दुसरा वासराच्या कातड्याचा, मऊ पण अरुंद, सुतळीचाच सावत्र भाऊ. तिसरा चार बोटं रुंद, बापानं शिवलेल्या खेचराच्या साजातला. त्याच्या दोन्ही टोकांना तिनं कातड्याची बारीक वादी ओवली. एक टोक दांडीच्या बुडाशी कडीच्या आकड्याला बांधलं, दुसरं खाली, तारा जिथं संपतात तिथं. धातूला धातू कुठं लागू दिला नाही.

"हूं. ऊठ. आता श्वास घे."

पट्टा छातीवरनं आडवा गेला. दर श्वासाला आर्विलला बारा पौंड उचलावे लागत होते. सहाव्या श्वासाला ओठ निळे पडले. डेल्फीनं झटक्यात बँजो काढून घेतला.

"ही मागची परात काढ. निम्मं वजन जाईल."

"आवाजबी निम्मा जाईल. ऐकू न्हाई जायचा त्यांना."

"त्यांना जित्तेपणी तरी कुठं ऐकू यायचं? सुरुंगानं कान गेलेले दोघांचे."

आर्विल हसला नाही. डेल्फी आरीचं लाकूड चोळत बसली.

"तुझा खाणीतला कमरपट्टा कुठाय?"

"गोठ्यात, खिळ्याला. जाळायचाय मला त्यो."

"आण त्यो. टोपीवरच्या दिव्याची बॅटरी अडकवायचास, तिथनं वादी काढते बँजोच्या बुडाला. वजन कमरंवर. खांद्यावर नुस्ता तोल. छाती मोकळी राहील."

"बावीस वरसं त्या पट्ट्यानं मला आत नेलंय, डेल्फी! सुटलो म्हणलं, तर आता त्योच मला उभा करणार व्हय?"

"मग खुर्ची हाय की लोर्नाची."

आर्विल बाकड्यावर टेकला. मग लेकीला म्हणाला, "जा. आण."

पट्टा आला तेव्हा त्यावर कोळसा तसाच होता. जुनं भोक झिजून लांबट झालेलं. तिथनं आत डेल्फी एकेक पाडत आली आणि कमरेला लावून बघत गेली.

"किती झाली?" आर्विलनं विचारलं.

"पाच."

"टोल्बीला किती पाडली हुतीस?"

डेल्फीनं दोऱ्याला मेण लावलं. खोटं बोलायला तिला जमत नव्हतं असं नाही, पण समोरचा माणूस खाणीतला होता. "सहा."

"मग हाय अजून एक," तो म्हणाला.

रविवारी टेकडी चढताना डेल्फीनं एप्रनच्या खिशात आरी टाकली. लोर्नाचा नवरा आर्विलला ट्रकमधनं जमेल तितका वर घेऊन आला, पुढं पोरांनी हाताच्या पाळण्यात आणला. चर्चमध्ये तारेचं वाद्य चालू न देणारा धर्मगुरू कुंपणाबाहेर उभा राहून नदीकडं बघत होता. दरसाल बघायचा.

बँजो गळ्यात घातला, वादी कमरपट्ट्याला लावली, आणि पट्टा घसरला. मंगळवारपासनं आर्विलच्या पोटात चारच चमचे रस्सा गेला होता. वजन परत छातीवर आलं. त्यानं कुणाला हाक मारली नाही. नुसतं डेल्फीकडं बघितलं.

ती म्होरं झाली, गुडघ्यावर बसली. कमरपट्टा सोडून घेतला, त्याचं टोक ड्यूईच्या थडग्याच्या दगडावर ठेवलं, आरी रोवली आणि हाताला लागलेल्या धोंड्यानं ठोकली. तीन ठोके. साऱ्या टेकडीला ऐकू गेले. ज्यांच्या घरात पट्टे आवळले होते त्यांनी माना खाली घातल्या.

"सहा," आर्विल म्हणाला.

"व्हय."

"लाव."

तिनं लावला. पट्टा बसला. नावं सुरू झाली. आर्विलची बोटं चालत होती, पण सूर लांब-लांब पडत होते. दोन सुरांमधी त्याचा श्वास वाजायचा, पुकारणारा थांबायचा, मग पुढचं नाव घ्यायचा. एकोणीस नावांना दरसालच्या दुप्पट वेळ लागला. रस्सा गार झाला. शेवटी ड्यूई, मग अर्व्हिन. शेवटची तार थांबेपर्यंत आर्विल उभा होता.

मग त्यानं वादी सोडली, कमरपट्टा काढला आणि डेल्फीच्या अंगावर फेकला.

"जाळ आता."

"तूच जाळ. काडी वढायला काय दम लागतोय?"

त्याला हसू फुटलं. हसण्याचा खोकला झाला, खोकल्यानं तो दुमडत दुमडत गवतात गेला, आणि लोर्ना पाठ चोळायला धावली. काळी थुंकी रुमालात मावेना. कुणी जेवायला हललं नाही. खोकला थांबेस्तवर डेल्फीनं वाकून बँजो त्याच्या खांद्यावरच्या पट्ट्याला धरून ठेवला, जमिनीला लागू नये म्हणून.