पुन्हा ठोकलेला नंबर

ती घटना आठवली की आजही आधी माणसं आठवत नाहीत, एक पत्रा आठवतो. मोटारीचं बॉनेट उघडल्यावर मागच्या बाजूला दिसणारा, घासून पांढरा केलेला पत्रा आणि त्यावर ठोकलेला चासी नंबर. मी तेव्हा भिवंडीतल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, गुडघे कुरकुरत होते आणि गाड्यांच्या चोऱ्यांनी जीव नकोसा केला होता. हायवेला गोदामं वाढली, गाड्या वाढल्या, त्यांच्या मागोमाग चोरही आले. वरून रोज विचारणा व्हायची, गुन्हे उघड किती झाले म्हणून.

कुणाची नावं लिहीत नाही. ती माणसं अजून त्याच रस्त्यांवरून ये-जा करत असतील.

खबर आली ती टेमघरहून. तिथे गाड्या रंगवणारा एक पेंटर होता. त्याच्याकडे उठबस करणारा आमचा जुना खबरी सकाळी ठाण्याच्या मागच्या दाराने आला.

"साब, एक छोटी गाडी आलीय रंगाला. जुनीपुरानी आहे, पण नंबर एकदम ताजा ठोकलाय. बघून घ्या."

मी विचारलं, "कागदाशी जुळतो का?"

"जुळतो ना. तेच तर."

हे "तेच तर" वाचकांना समजावून सांगितलं पाहिजे. चोर भंगारात गेलेल्या गाडीची कागदपत्रं विकत घेतात, मग तशीच दुसरी गाडी चोरतात, तिचा मूळ नंबर घासून टाकतात आणि भंगारातल्या गाडीचा नंबर तिथे ठोकतात. त्यामुळे कागद आणि गाडी अगदी जुळतात. नंबर ताजा असेल तर ते जुळणंच संशयाचं कारण असतं. खबऱ्याने सांगितलं की या गाडीच्या इंजिनावरचा नंबरही गंजाने अर्धा खाल्लाय, म्हणजे त्यावरून पडताळा घेता येणार नव्हता. स्टेशन डायरीला नोंद केली, दोन पंच घेतले आणि टेमघर गाठलं.

गाडी म्हणजे एक जुनी हॅचबॅक होती. बऱ्याच हातांतून गेलेली, बाजारात सगळ्यांत स्वस्तात मिळते तसली. पण तिच्यावर कुणीतरी मन लावून काम केलं होतं. सीटना पॉवरलूमवरच्या कोऱ्या कापडाची कव्हरं होती, घरीच शिवलेली. चाकं भंगारातून आणलेली, चार चाकांवर तीन तऱ्हेच्या टोप्या. चालकाची सीट एका लांब रुळावर बसवली होती, ती दारापर्यंत सरकायची. गिअरच्या दांड्याला मोटारसायकलचा, हाताने दाबायचा क्लच बांधला होता. स्टिअरिंगच्या बाजूने एक लोखंडी दांडा खाली ब्रेक आणि ॲक्सिलेटरला गेला होता. ढकलला की ब्रेक, ओढला की वेग.

गाडीचा ताबा असलेला माणूस तिथेच होता. तिशीचा, अंगावर तेलाचे डाग, लूमच्या कारखान्यात फिटर. गाव अंबाडीच्या बाजूला. पंचनामा लिहिणाऱ्या हवालदाराने मला विचारलं, "साहेब, ह्या दांड्याला काय म्हणायचं?"

फिटर म्हणाला, "बहिणीसाठी हाय, साहेब. तिच्या पायात जोर न्हाय."

मला घाई होती. मी हवालदाराला म्हटलं, "लिहा, संशयास्पद लोखंडी दांडा, एक." त्याने लिहिलं. पंचांनी न वाचता सह्या केल्या.

गाडीत आरटीओचा एक कागदही सापडला. अपंगांसाठी केलेला बदल तपासून घेण्याचा अर्ज, त्यावर तपासणीची तारीख. चोरीची गाडी घेऊन कोणी स्वतःच्या पायांनी आरटीओच्या दारात जात नाही. हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. सुचलं नाही, कारण डोळ्यांसमोर चोरच होता. साप साप म्हणून भुई धोपटायची सवय लागली की असं होतं.

चौकशी सुरू झाली. कलम असं होतं की लगेच अटकेची गरज नव्हती, म्हणून नोटीस दिली आणि रोज सकाळी हजेरी लावायला सांगितलं. तो रोज यायचा आणि माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर बसायचा. मी आत बोलावून एकच प्रश्न विचारायचो.

"नंबर कोणी ठोकला?"

"मना म्हाईत न्हाय. गारी घेतली तवा असाच व्हता."

तो खोटं बोलतोय हे मला पहिल्याच दिवशी कळलं. सराईत चोर खोटं बोलताना तोंडाकडे बघून बोलतो. हा जमिनीकडे बघायचा आणि कानाची पाळी चोळायचा. माझा अनुभव असा की सरळ माणूस फार वाईट खोटं बोलतो, पण तो कशासाठी खोटं बोलतोय ते शोधायला वेळ लागतो. मला तो वेळ द्यायचा नव्हता. तो लपवतोय म्हणजे गाडी चोरीची, इथे माझा तपास थांबला होता.

तिसऱ्या दिवशी त्याची बहीण ठाण्यात आली. रिक्षातून उतरून दोन कुबड्यांवर ठाण्याच्या पायऱ्या चढली. बगलेत फाइल होती. पंचविशीची असेल. मी बाहेरच उभा होतो. मला वाईट वाटलं, खरोखर वाटलं. मी खुर्ची मागवली, चहा मागवला आणि म्हटलं, "ताई, तुम्ही कशाला त्रास घेतला? भावाला आम्ही मारत-बिरत नाही. चौकशी झाली की सुटेल. तुम्ही घरी जा."

ती म्हणाली, "साहेब, मला त्या गाडीबद्दल..."

मी म्हटलं, "सगळं होईल." तेवढ्यात फोन आला. मी ड्रायव्हरला सांगितलं की यांना गावापर्यंत सोडून ये. दोन शिपायांनी तिला उचलून जीपमध्ये बसवलं. संध्याकाळी घरी जेवताना मी बायकोला हे कौतुकाने सांगितलं. त्या दिवशी स्वतःवर मी खूश होतो.

पुढच्या आठवड्यात फिटर जिथे काम करायचा तिथे गेलो. दुपारची शिफ्ट होती. लूमच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मालक वयस्कर, पिढ्यान् पिढ्या भिवंडीत राहिलेल्या घरातला. त्याने मला फिटरचं कपाट दाखवलं. त्यात आकडे ठोकायचे पंच, म्हणजे पोलादी ठसे होते, लाकडी खोक्यात ओळीने लावलेले. मी तीनचा आकडा उचलला. त्याचं खालचं टोक तुटलेलं होतं. मग मी लूमजवळ गेलो. प्रत्येक लूमच्या सांगाड्यावर जुन्या पुसट नंबरावर तोच नंबर पुन्हा ठोकलेला होता आणि जिथे तीन होता तिथे त्याचं खालचं टोक नव्हतं. गाडीच्या पत्र्यावरचा तीनही तसाच होता.

मी मालकाला बाहेर आणून विचारलं, "हे नंबर पुन्हा पुन्हा का ठोकता?"

"अरे साब, ये तो रोज का काम है," तो म्हणाला. "तेल, मैल, गंज. नंबर पुसला जातो. मग कोणता पार्ट कोणत्या लूमचा, कळत नाही. नंबर मिटला की ठोकायचा. आमच्याकडे फिटर नवा आला की पहिलं हेच शिकवतो. ह्याचा हात साफ आहे, म्हणून सगळे नंबर हाच ठोकतो."

मला तिथेच अंदाज आला. लूमच्या फिटरला पुसट नंबर दिसला की तो ठळक करणं हे त्याच्या लेखी नीटनेटकेपणाचं काम होतं. मोटारीच्या चासीवर असं करणं गुन्हा आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

परत येऊन मी त्याला समोर बसवलं आणि तुटक्या टोकाचा पंच टेबलावर ठेवला. त्याने अंगठ्याने तुटकं टोक चाचपलं.

"मीच ठोकला," तो शेवटी म्हणाला.

"मग इतके दिवस का सांगितलं नाहीस?"

"सांगितला असता तं तुमी इचारला असता, कुणी सांगितला ठोकायला. मंग तिचा नाव आला असता. बायमाणसाचा नाव पोलिसांत कशाला?"

मी कागदपत्रं पुन्हा काढली. नोंदणी पुस्तकात मालक म्हणून बहिणीचं नाव होतं. ते मी पहिल्या दिवशीही वाचलं होतं. गाडी तिच्या नावावर, पण चालवणारा, दुरुस्त करणारा, पकडलेला भाऊ, म्हणून आम्ही सगळे प्रश्न भावाला विचारले. गाडीमालकाचा जबाब हा तपासातला पहिला कागद असतो. तो आमच्या फाइलीत नव्हताच.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः तिच्या घरी गेलो. महिला शिपाई बरोबर होती. बहिणीने ओटीवर बसून जबाब दिला, आणि तो दहा मिनिटांत संपला.

गाडी तिच्या नावावर करायच्या वेळी आरटीओला चासी नंबरचा पेन्सिल प्रिंट द्यावा लागला होता. नंबरावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासायची, की आकडे उमटतात. तो प्रिंट तिने स्वतः काढला होता. आकडे पुसट उमटले म्हणून तिथला कारकून कुरकुरला. तिने घरी येऊन भावाला सांगितलं की पुढच्या तपासणीला हा नंबर नीट दिसला पाहिजे. भावाने कारखान्यातून पंच आणले, पत्र्यावरचा गंज घासून काढला आणि तिच्यासमोर दुपारी तेच आकडे पुन्हा ठोकले. आधीच्या पेन्सिल प्रिंटची दुसरी प्रत, आरटीओच्या शिक्क्यासकट, तिच्या फाइलीत होती. कंपनीचे बारीक, गोल, मूळ आकडे, आणि नंबर तोच.

"हे तुम्ही आधी का नाही दिलं?" मी विचारलं. विचारताच मला उत्तर कळलं.

ती शांतपणे म्हणाली, "द्यायलाच आले होते, साहेब. तुम्ही चहा दिला. मी चहाला आले नव्हते."

महिला शिपाई खाली बघून लिहीत राहिली.

मग तिने बाकीचं सांगितलं, ते जबाबात घ्यायचं नव्हतं. कशेळीच्या एका गोदामात तिला ऑफिसचं काम मिळालं होतं. घरापासून अंबाडी नाका, तिथून पुढे दोन गाड्या, आणि दर ठिकाणी कुणीतरी तिला उचलून चढवायचं. "सगळे चांगलेच असतात," ती म्हणाली. "पण रोज इतक्या वेळा परक्याच्या हातांनी उचलून घ्यायचं म्हणजे नको होतं मला. म्हणून ही गाडी. सीट दारापर्यंत येते, मी आपली आपण बसते. गावच्या मैदानात शिकलेय चालवायला." आमच्या जीपबद्दल ती काही बोलली नाही. ती बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

एवढ्यावर प्रकरण संपायला हवं होतं. पण गुन्हा दाखल झाला की तो आपल्या चालीने चालतो. पत्र्यावर रसायन लावून मूळ नंबर वाचणारा तज्ज्ञांचा अहवाल यायचा होता. तो यायला महिने गेले. अहवालात तेच होतं, खालचा नंबर आणि वरचा नंबर एकच. मग आम्ही गैरसमजातून गुन्हा दाखल झाल्याचा, म्हणजे सी समरीचा, अहवाल कोर्टात पाठवला. गाडी सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागेल तेव्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर, परत देण्याचा हुकूम झाला. दरम्यान आरटीओची तारीख गेली होती. गोदामवाल्यांनी दोन महिने वाट पाहिली आणि दुसऱ्याला घेतलं.

गाडी न्यायला दोघं आली. बरोबर गाडी ओढून न्यायला लूमच्या मालकाचा टेम्पो होता, कारण आवारात उभी राहून गाडीची बॅटरी मेली होती. हवालदाराने सुपूर्दनामा भावापुढे धरला. भाऊ म्हणाला, "गारी तिची हाय." तिने सही केली. मग तिने गाडीचं दार उघडलं आणि आत बघून विचारलं, "दांडा कुठे आहे?"

दांडा मुद्देमाल खोलीत होता. पंचनाम्यात मी "संशयास्पद" लिहायला लावलं होतं, म्हणून ठाण्याच्या कारकुनाने नियमाप्रमाणे तो खोलून, चिठ्ठी लावून, वेगळ्या क्रमांकाने जमा केला होता. कोर्टाच्या हुकमात फक्त गाडी होती. दांड्यासाठी वेगळा अर्ज लागणार होता. खोली तिथून वीस पावलांवर होती आणि किल्ली माझ्या अंमलदाराकडे होती.

मी मनात म्हटलं, द्यावा. मग म्हटलं, कोर्टाचा मुद्देमाल आहे, निवृत्ती तोंडावर आहे, कुणी तक्रार केली तर पेन्शन अडकेल. मी तिला अर्ज कसा करायचा ते नीट समजावून सांगितलं. ती ऐकत होती. नंतर काही आठवड्यांनी तिने अर्ज केला आणि दांडा तिला रीतसर मिळाला. पण ते नंतर.

नवीन अधिकारी कधी भेटायला येतात तेव्हा मी त्यांना सांगतो, कागदावर ज्याचं नाव आहे त्याला आधी बोलू द्या, मग दया करायची असेल तर करा. ते मान हलवतात. मीही त्यांच्या वयात हलवायचो. चुकीचा संशय घेतला याचं मला फारसं दुःख नाही, पोलिसाचं ते कामच आहे. मला ती वीस पावलं छळतात. तोपर्यंत सगळं खरं मला माहीत होतं.

त्या दिवशी दांडा नसल्यामुळे ओढून न्यायच्या गाडीचा ब्रेक तिला लावता येणार नव्हता. म्हणून चालकाच्या सीटवर भाऊ बसला. डाव्या सीटला रूळ नव्हता. माझे दोन शिपाई पुढे झाले आणि त्यांनी तिला उचलून तिच्याच गाडीत बसवलं.