पंखा बंद करा, गाणं लावतोय

मे महिन्यात जळगावात भर दुपारी पंखा बंद करणारा माणूस मी एकच पाहिला. ते माझे धाकटे दीर. गाणं लावायचं झालं की भाऊजी आधी उठून पंख्याचं बटण बंद करत. पात्यांची घरघर गाण्यात मिसळते म्हणून. समोर बसलेल्यांच्या शर्टाची पाठ भिजून जाई. कुणी रुमालाने वारा घेऊ लागलं तर तेही चालत नसे. "घाम पुसता येतो, निसटलेला सूर परत येत नाही," असं ते म्हणत. कॅसेट मागे फिरवली की तो सूर परत येतो, हे त्यांना सांगणार कोण?

घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. मधल्या दाराला पडदा आणि पडद्याच्या अलीकडे माझी चूल. मी दोंडाईचाहून चौथी शिकून आलेली, चार माणसांत तोंड उघडायची सवय नव्हती. तिथे ते उघडावंही लागलं नाही. चहा घेऊन दाराशी गेले की माझ्या बांगड्या वाजत आणि भाऊजी पाठमोरेच म्हणत, "या वहिनी, ठेवा." हातातलं काम कितीही बारीक असो, गिऱ्हाईक कितीही भांडत असो, बांगड्या त्यांना ऐकू येत. मला कधी हाक मारावी लागली नाही.

त्यांचा जीव परदेशातल्या एका गाणाऱ्या मंडळावर होता. त्या मंडळाचं नाव ते क्वचितच घेत. 'आपली माणसं' म्हणत. जणू ती पाचोऱ्याला राहतात आणि दिवाळीला येतील. त्या गाण्यांना शेवट म्हणून नसे. मी वरण चढवायची, भाकरी थापायची, सगळं निवायला यायचं, तरी एकच गाणं चाललेलं. मध्येच सगळं थांबे, आता संपलं असं वाटे, आणि भलतीकडूनच पुन्हा सुरू होई. गाण्याचे शब्द इंग्रजी. एकदा मी धीर करून विचारलं, "भाऊजी, ते म्हणतात ते समजतं का?"

"सगळं नाही," ते म्हणाले. "शब्द तर बातम्यांतही असतात. कुणी बातम्या पुन्हा पुन्हा ऐकतं का?"

त्या मंडळाच्या एका जुन्या गाण्याच्या शेवटी फार बारीक किणकिण होती. दुरुस्त झालेला प्रत्येक टेप आधी त्या किणकिणीपाशी तपासला जाई. ती स्वच्छ ऐकू आली तरच टेप गिऱ्हाइकाच्या हातात. गिऱ्हाईक भजनं ऐकणारं असो की तमाशाच्या लावण्या, त्याच्या टेपने आधी ही परीक्षा द्यायची.

रविवारी दोन माणसं नेमाने येत. एक कापडवाले शेठ, लहानपणापासूनचे दोस्त. दुसरे कॉलेजात शिकवणारे सर. गाणं संपून पंखा सुरू होईपर्यंत कुणी बोलायचं नाही आणि पंखा सुरू झाला की आधी भाऊजींनी बोलायचं, असा त्यांचा रिवाज होता. ते चांगलं म्हणाले की चांगलं. मग सर आणि शेठ ते का चांगलं यावर अंधार पडेपर्यंत भांडत.

मग बरीच वर्षं त्या मंडळाचं काहीच आलं नाही. फुटले म्हणत, म्हातारे झाले म्हणत. भाऊजी म्हणायचे, "थांबा. आपली माणसं शेत पडीत ठेवतात, सोडत नाहीत." आणि खरंच एका उन्हाळ्यात शेठ मुंबईला माल भरायला गेले ते नवीन गाण्याची कॅसेट घेऊन आले. साड्यांच्या खोक्यात, रुमालात गुंडाळून. सरांनी कॉलेज बुडवलं. पंखा बंद झाला. मी पडद्याआड चूल विझवून बसले, कारण वाफेचाही आवाज होतो असं भाऊजी म्हणत.

गाणं संपलं. पंखा सुरू झाला, तरी भाऊजी बोलेनात. शेठचे डोळे भरलेले. ते रिवाज विसरले.

"काय भाऊ, शेवटी ती किणकिण काय आणली रे त्यांनी. जुनी आठवण ठेवली."

"कसली किणकिण?" भाऊजी म्हणाले. "बोथट झालेत. घोंगडी पांघरून वाजवतायत. या गानामा जीव नही शे." मनाला लागलं की ते घरच्या बोलीवर येत.

सर म्हणाले, "अहो, इतकं लखलखीत त्यांनी कधी वाजवलं नव्हतं."

"तुम्हाला पुस्तकात वाचून ऐकायची सवय. संपले ते."

"संपले नाहीत," शेठ उठले. "तुला आता लग्नातला बँडच बरा." कॅसेट तिथेच टाकून ते गेले. सरही थोड्या वेळाने चप्पल घालून गेले. पुढच्या रविवारी कुणी आलं नाही. भाऊजींनी पंखाही बंद केला नाही.

त्यानंतर ते दिवसभर टेपच खोलून बसत. कॅसेटवर टेकणाऱ्या हेडचा बारीक स्क्रू इकडे फिरव, तिकडे फिरव, स्पिरिटने पूस, पुन्हा तेच गाणं लाव. टेपमध्ये दोष, नाहीतर कॅसेटमध्ये, नाहीतर त्या माणसांमध्ये. गिऱ्हाइकांचे टेप परत येऊ लागले. "भाऊ, फार किरकिरतो हो," लोक म्हणत. आजवर असं कुणी म्हटलं नव्हतं. भाऊजींनी हे कधी ऐकून घेतलं नसतं, पण आता ते टेप ठेवून घेत आणि पुन्हा खोलायला बसत. मला त्याचीच भीती वाटायची.

एका दुपारी मी चहा घेऊन दाराशी उभी राहिले. भाऊजी पाठमोरे. वाटलं कामात असतील. हात हलवला. बांगड्या वाजल्या, मला चांगल्या ऐकू आल्या. ते वळले नाहीत. हाक मारायची मला सवय नव्हती, मी उभीच राहिले. शेवटी स्क्रू शोधायला ते वळले तेव्हा चहावर साय धरली होती.

"कधीपासून उभ्या आहात?"

"मघापासून."

"बांगड्या काढल्या का?"

मी हात वर केला. दोन्ही हातांत डझनभर हिरव्या बांगड्या. भाऊजी माझ्या हाताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "वाजवा." मी वाजवल्या. "जवळून वाजवा." आधी एका कानापाशी, मग दुसऱ्या. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं आता हा माणूस खचला. ज्याचं सगळं काम कानावर चाले, त्याचे कानच गेले तर मागे काय उरतं?

त्यांनी गार चहा एका घोटात संपवला आणि म्हणाले, "म्हणजे गाणं चांगलं असणार."

संध्याकाळी ते स्वतः शेठच्या दुकानात गेले, तिथून सरांच्या घरी. दोघांना आपल्या दुकानात आणून बसवलं आणि पंखा बंद करून, उभ्यानेच सांगितलं, "बारीक आवाज माले ऐकू येत नही. जुनी गाणी पाठ होती, म्हणून त्यातली किणकिण मला मनातूनच ऐकू यायची. नवीन गाणं मनात कुठून असणार? त्यांचं काही चुकलं नाही. आता तुम्ही ऐका आणि मला सांगा."

त्यांनी कॅसेट लावली. गाणं संपल्यावर शेठ हमसून म्हणाले, "एक नंबर आहे रे." सरांनी बरंच सांगितलं, चांगलं सांगितलं. भाऊजी मान हलवत होते. मग पडद्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, तुम्हीही पुष्कळ ऐकलंय. शेवटी काय होतं?"

मी पडद्याआडूनच बोलले. दोन परक्या पुरुषांसमोर पहिल्यांदा. "पोळ्याच्या संध्याकाळी बैल मिरवून घरी जातात ना," मी म्हटलं, "आपल्या दारावरून गेल्यावर गल्लीच्या टोकाला घुंगरं ऐकू येतात. मग वळण येतं. बैल दिसत नाहीत, घुंगरं थोडा वेळ राहतात. तसं."

 भाऊजी उठले आणि त्यांनी पंखा सुरू केला.

वर्षभरात त्यांनी टेपचं काम बंद केलं आणि धुळ्याला मोटार वाइंडिंगच्या दुकानात भागीदारी घेतली. "तारेचे वेढे हाताला कळतात, तिथे कानाचं काम नाही," म्हणाले. जाताना टेप माझ्यासाठी ठेवून गेले. माझ्या बांगड्या आता नुसत्याच वाजत. सवयीने चहा घेऊन गेले तरी त्या खोलीत कुणी नसे.

नंतर एकदा आम्ही धुळ्याला त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांचा भागीदार दारात बसून कुणाशी बोलत होता. तोही अशीच गाणी ऐकणारा. आत पाहून मोठ्याने म्हणाला, "काय भाऊ, तुमच्या त्या लोकांचं शेवटचं गाणं काही खास नाही म्हणतात."

भाऊजी तारेचे वेढे घालत होते. हात न थांबवता त्यांनी आपल्या जुन्या, शेवटचा शब्द आपलाच असल्याच्या आवाजात सांगितलं, "म्हणणाऱ्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं नाही. पोळ्याचे बैल वळणावरून दिसेनासे होतात आणि घुंगरं मागे राहतात, तिथे संपतं ते. आजवरचं सगळ्यात चांगलं गाणं आहे. मी ऐकलंय."