काकींच्या माश्या आणि माझी आडवी पेटी

काकी वीटभट्टीवर निघाल्या त्याच्या दोन दिवस आधी त्यांनी त्यांच्या मधमाश्या माझ्या ताब्यात दिल्या. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. काकी नात्यातल्या नाहीत; पनवेलजवळच्या नेऱ्याच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी आहे. तिथली निम्मी घरं तोवर बंद झाली होती, आणि मुकादमाचा टेम्पो सोमवारी काकींना न्यायला येणार होता. त्या परत येणार त्या थेट पावसाच्या तोंडावर.

"मी येईन तवर जगव यांना," त्या म्हणाल्या. "मध नको मला. माश्या पायजेत."

"काळजीच करू नका," मी म्हणाले. हे वाक्य मी आयुष्यात फार जणांच्या तोंडून ऐकलं होतं आणि त्यातल्या बहुतेकांविरुद्ध पत्रक काढलं होतं.

या माश्या काकींच्या कशा, ते सांगायला हवं, कारण कागदोपत्री त्या कुणाच्याच नव्हत्या. वाडीखालच्या माळावर एक जुना ऐन होता. त्याच्या ढोलीत सातेरी माश्या राहायच्या. सातेरी म्हणजे अंधाऱ्या पोकळीत एकाशेजारी एक पोळी लावणारी लहानशी माशी. काकी लग्न होऊन वाडीत आल्या तेव्हापासून दर चैत्रात ढोलीत हात घालून कडेचं एक पोळं काढत आणि बाकीची तशीच ठेवत. मग माळावर प्लॉट पडले, खडीचा रस्ता आखला गेला आणि ऐनाच्या बुंध्यावर लाल फुली आली. मी त्या फुलीविरुद्ध पत्रक काढलं, बाजारपेठेत उभं राहून वाटलं. झाड ठरल्या दिवशी पडलं. काकींनी पत्रक काढलं नाही. त्यांनी आदल्या संध्याकाळी माश्या पोळ्यांसकट टोपलीत काढल्या.

आमचं घर नवीन पनवेलला, दोन खोल्यांचं. बाबा कारखान्यात होते. कारखाना बंद झाला तरी ते युनियनमध्ये राहिले. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. 'बंधू-भगिनींनो' हा मी अडखळत वाचलेला पहिला शब्द, आणि 'जाहीर निषेध' हे पुढचे दोन. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर आई वाण्याची यादी लिहायची. फडताळात डब्यांखाली पत्रकं, माझ्या वह्यांना कव्हरं पत्रकांची. वर्गात इतरांच्या वह्यांवर फुलं आणि कार्टून असायची, माझ्या गणिताच्या वहीवर सात मागण्या होत्या. अशा घरात वाढलेल्या माणसाला लाकडी पेटीसुद्धा नुसती पेटी दिसत नाही.

मधमाश्यांची नेहमीची पेटी उभी असते. खाली त्यांचं घर. तिथं राणी अंडी घालते, पिल्लं वाढतात. वर दुसरा मजला, तो मधाचा. खाली राबायचं आणि वरच्या मजल्यावरचा माल मालकानं उचलायचा. हे वाचल्यावर मला पुढचं वाचायची गरज वाटली नाही. मग एका व्हिडिओत आडवी पेटी दिसली. ट्रंकेसारखी लांब, एकच मजला, आत पोळी लावायच्या वीस चौकटी एका रांगेत. वर कुणी नाही, खाली कुणी नाही. मी 'पेटी आडवीच का?' असं एक पानी टिपण लिहिलं आणि ते घेऊन विचुंब्याच्या सुताराकडे गेले. त्यानं टिपण बाजूला ठेवून व्हिडिओ पाहिला आणि पेटी चोख केली. व्हिडिओतल्यासारखी एक सुटी फळीही दिली, आत कुठंही उभी सरकवता येईल अशी. ती मी त्याला परत केली.

कारण त्या वर्षी माझा मुख्य शत्रू भिंत होता. एका नव्या सोसायटीनं गावाच्या जुन्या पायवाटेवर कुंपणाची भिंत घातली होती, आणि बायकांना पाण्यासाठी लांबचा वळसा पडत होता. आम्ही दर शनिवारी तिथं फलक घेऊन उभे राहत होतो. आठवडाभर भिंतीविरुद्ध बोलायचं आणि रविवारी स्वतःच्या पेटीत भिंत घालायची, हे मला जमणारं नव्हतं.

पेटी ठेवायला जागा आत्यानं दिली. आत्याचे नेऱ्याला अकरा गुंठे आहेत. त्याला ती 'फार्म' म्हणते. तिथं एक गेट आहे, एक झोपाळा आहे आणि वर्षातून दोन वाढदिवस साजरे होतात. बाबांच्या लेखी ती वर्गशत्रू आहे. भाऊबीजेला मात्र न चुकता जातात. आत्यानं पेटीभोवती एक फेरी मारली.

"शू-रॅक होय? बरं केलंस बाई, पाहुणे चपला कुठंही काढतात."

काकींनी त्या संध्याकाळी नारळाच्या सोडणाचा धूर केला, टोपलीतून चार पोळी काढली आणि केळीच्या सोपटानं एकेक चौकटीत बांधली. माश्या त्यांच्या कोपरापर्यंत चढल्या होत्या. त्या शांतपणे फुंकर मारून त्यांना खाली सरकवत होत्या. मी जाळीची टोपी, हातमोजे आणि बाबांचा रेनकोट घालून लांबून मार्गदर्शन करत होते. चारही चौकटी माश्यांच्या ये-जा करायच्या दाराच्या बाजूला लागल्या. पलीकडे सोळा रिकाम्या.

"बाय, मधी फळी टाक," काकी म्हणाल्या.

"फळी नको, काकी."

"कशी नको? चार पोळ्यांच्या माश्या. येवढी जागा त्यांनी तापवायची कशी?"

"मोकळी जागा असली की त्या पसरतील. आपणच सगळ्यांना कोंडून ठेवतो, म्हणून..."

"तुज्या घरात खोल्या किती?"

"दोन."

"मधी दार हाय?"

"आहे."

"थंडीत लावता?"

"लावतो. पण ते वेगळं."

"आसंल," काकी म्हणाल्या आणि हात झटकून उठल्या. "शिकल्यासवरल्यांची थंडी येगळी आसंल. तुजी पेटी हाय. पन माश्या माज्या, येवढं ध्यानात ठेव."

सोमवारी टेम्पो गेला.

मी दर रविवारी सहा आसनी रिक्षानं नेऱ्याला जायचे आणि पेटी उघडायचे. कारभार पारदर्शक असावा, ही माझी जुनी मागणी. मी एकेक चौकट उचलून उन्हात धरायचे, दोन्ही बाजू बघायचे, वहीत नोंद करायचे. माश्या काही पसरेनात. सोळा चौकटींची प्रशस्त मोकळी जागा सोडून त्या दाराशी एकमेकींना चिकटून बसलेल्या. हे मला पटेना. इतकी वर्षं ढोलीत काढल्यामुळे त्यांना स्वातंत्र्याची सवय राहिली नसावी, असा मी अर्थ लावला. मग मी पोळी एकमेकांपासून दूर केली. प्रत्येक दोन पोळ्यांमध्ये एक रिकामी चौकट घातली. वहीत लिहिलं: 'समान वाटप, पहिला टप्पा.'

डोंगराखाली नेऱ्याला थंडी आमच्याकडच्यापेक्षा जास्त पडते. पुढच्या रविवारी दाराशी पांढऱ्या बारीक अळ्या पडलेल्या दिसल्या. माश्या आणखीही एकेक ओढून बाहेर टाकत होत्या. मी लिहिलं: 'स्वच्छतेचं काम उत्साहात सुरू.' ती गारठून मेलेल्या पिल्लांची प्रेतं होती, हे मला त्याच्या पुढच्या रविवारी कळलं. त्या दिवशी मी चौथं पोळं उचललं तर त्यावर एकही माशी नव्हती. कोळिष्टकांसारखी जाळी होती आणि त्यात मेणकिड्याच्या लठ्ठ अळ्या बोगदे काढत होत्या. चार ठिकाणी वाटल्या गेल्यावर राखण करायला माश्या पुरल्याच नव्हत्या.

मी झाकण लावलं आणि झोपाळ्यावर जाऊन बसले. वहीत काहीच लिहिलं नाही.

दोन दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. भट्टीवरच्या कुणाचा तरी फोन मागून काकी बोलत होत्या. मागं ट्रॅक्टरचा आवाज.

"हायत का?"

"काकी, एकंदर परिस्थिती समाधानकारक आहे," मी म्हणाले. "सुरुवातीला काही अडचणी आल्या, पण योग्य ती उपाययोजना सुरू आहे."



"काय बोलतीस गं? हायत का नाय?"

"आहेत."

"फळी टाकलीस?"

"त्यावर विचार चालू आहे."

"बरं," काकी म्हणाल्या. फोन ज्याचा होता त्यानं तो परत मागितला असावा. मध्येच बंद झाला.

बाबा खाटेवर पेपर वाचत होते. त्यांनी तो खाली केला नाही.

"कोण होतं?"

"नेऱ्याच्या काकी."

"असं होय. मला वाटलं आमच्या मॅनेजमेंटमधलं कुणी आलंय घरात. अगदी तस्संच बोलायचे ते. कारखाना बंद केला त्या दिवशीसुद्धा परिस्थिती समाधानकारक होती."

भट्टी, मुकादम आणि उचल यांवर मी तीन पत्रकं लिहिली होती. तिकडे एक बाई दिवसभर चिखल मळत होती, आणि तिची म्हणावी अशी एकच गोष्ट माझ्याकडे ठेवायला दिलेली होती. ती मी माझ्या तत्त्वापायी थंडीत उघडी ठेवली होती. वर त्याबद्दल तिला निवेदन दिलं होतं.

"घरात कुठं फळी आहे का?" मी विचारलं.

घरात प्लायवूड एकाच प्रकारचं होतं. माळ्यावर शनिवारचे फलक होते. मी त्यातला एक काढला, पेटीच्या मापानं रेघ मारली. बाबांनी एक टोक धरलं, मी करवत चालवली. फलकावर लाल रंगात 'भिंत हटवा' लिहिलेलं होतं. दांडा काढल्यावर तो पेटीत असा बसला की सुतारानंही तसा बसवला नसता. मी अक्षरं रिकाम्या बाजूला केली. तेवढी लाज शिल्लक होती.

सडकं पोळं जाळलं. राहिलेली तीन दाराशी एकमेकांजवळ आणली, त्यांच्यामागं फळी सरकवली. मग साखरेचा पाक. साखरसम्राटांवर बाबांनी लिहिलेली पत्रकं ज्या डब्याखाली पसरलेली आहेत, त्याच डब्यातली साखर मी पाण्यात विरघळवून वाटीत ठेवली, माश्या बुडू नयेत म्हणून वर काड्या टाकल्या. आणि झाकण लावलं ते पुढचे चार रविवार उघडलं नाही. घेराव, उपोषण, मोर्चा यांतलं थोडंफार मी केलं आहे, पण बंद पेटीसमोर हात बांधून बसण्याइतकं जड काही गेलं नाही. मी नुसती दाराकडे बघत राहायचे. पहिल्या रविवारी जाणाऱ्या-येणाऱ्या माश्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. चौथ्या रविवारी एक माशी मागच्या पायांना पिवळे गोळे लावून आली, परागाचे. आत पिल्लांना भरवायला कुणीतरी होतं म्हणजे. आंबा मोहरला, जांभळं फुलली, मग करंज. फळीच्या अलीकडे तीन पोळी काठोकाठ भरली आणि चौथं, तळहाताएवढं, नव्यानं लागलं.

काकी आल्या तेव्हा करवंदं संपत आली होती. टेम्पोतून उतरून, पिशवी घरात टाकून त्या तशाच आत्याच्या गेटशी आल्या. वाळल्या होत्या. हाताच्या भेगांत अजून माती होती. मी कबुलीजबाब चार मुद्द्यांत तयार ठेवला होता.

"काकी, आधी मला स्पष्ट सांगू द्या. फोनवर मी तुम्हाला..."

"झाकन काढ."

मी काढलं. त्यांनी धूर केला नाही. वाकून नुसता वास घेतला, मग एक चौकट वर उचलली, तिरकी केली, राणी कुठं आहे ते बघितलं. फळी ओढून बाहेर ठेवली.

"यावर काय लिवलंय?"

"काही नाही."

"भरलेली तीन," त्या म्हणाल्या. "मी चार देऊन गेल्ती."

"चौथं मी मारलं. तुमचं ऐकलं नाही म्हणून. आणि तुम्ही फोन केलात तेव्हा मी खोटं बोलले."

"ते तवाच कळलं."

"कसं?"

"बऱ्या असत्या तर 'हायत' म्हनून गप बसली असतीस. येवढं लांबन लावलंस, तवाच मी आमच्या मानसाला बोल्ले, पोरीनं माश्या खाल्ल्या." त्यांनी चौकट परत ठेवली. "सात म्हयने भट्टीवर वाटत व्हतं, गेल्या. आता हायत. बास."

मला वाटलं, हे क्षमेसारखं काहीतरी आहे. मी उत्साहानं म्हणाले, की आता पावसाळ्यात मी रोज येईन, फळी हलवणार नाही, पाक देईन.

"नगं," काकी म्हणाल्या. "मी नेते."

"पण पेटी? एवढी चांगली..."

"पेटी चांगलीच हाय. त्यात तुजी ती कागदं ठेव, वाळवी लागनार नाय. पावसात मी घरीच आसते. माज्या डोळ्यासमोर ऱ्हाऊ दे."

अंधार पडायच्या आधी त्यांनी पोळी सोडवून इथंच राहिलेल्या टोपलीत घेतली, वर पातळ लुगडं बांधलं. मी मागून चढ चढले. सात महिने बंद घरात पडून असलेलं एक रिकामं मडकं त्यांनी बाहेर आणलं. मडक्याच्या पोटाला त्यांनी बोट जाईल एवढं भोक पाडून ठेवलेलं होतं. भट्टीवर जाण्यापूर्वीच पाडलं होतं, म्हणजे माझ्यावर किती भरवसा होता तेही मला समजलं. त्यांनी पोळी सोपटानं काठीला बांधून मडक्यात टांगली, तोंडावर झाकण बसवून शेणमाती लिंपली आणि मडकं कुडाच्या भिंतीला, वळचणीखाली, पाऊस लागणार नाही अशा बाजूला बांधून टाकलं. आतली सगळी जागा मिळून हातभर असेल.

"मी बघायला कधी येऊ?" मी विचारलं.

"कदी बी ये. भायेरून बघ."

आम्ही दोघी भिंतीसमोर उकिडव्या बसलो. बराच वेळ काही झालं नाही. मग भोकातून एक माशी आली, कडेवरून एक फेरी मारली आणि आत गेली. काकींनी हात वर केला.

"आता काय बोलू नको."

मी काही बोललेच नव्हते.