ॲसिडला भ्यायचं, शिशाला नाही

माझे वडील, आमचे अप्पा, बसलेल्या बॅटऱ्या दुरुस्त करायचे. ट्रक असो, ट्रॅक्टर असो की टॅक्सी, गाडी सुरू होईना की लोक बॅटरी काढून अप्पांच्या दारात आणून ठेवायचे. पुढे रस्त्यावर उघडणारं दुकान, मागे मातीचं अंगण आणि अंगणापलीकडे आमच्या दोन खोल्या. चाळीस वर्षं सकाळी सातला शटर वर गेलं. अंगात ताप असला तरी गेलं, माझ्या आईला पोचवून आल्याच्या दुसऱ्या दिवशीही गेलं.

"अप्पा, ही किती दिवस टिकेल?" असं एखाद्या टॅक्सीवाल्यानं विचारलं, तर मान वर न करता म्हणायचे, "तुझ्या गाडीपेक्षा जास्त. तुझ्या बायकोच्या रागापेक्षा थोडी कमी."

अप्पा जगात एकाच गोष्टीला भ्यायचे, ॲसिडला. तरुणपणी त्यांच्या उस्तादाचा एक डोळा त्यात गेला होता. दुकानाच्या फरशीवर त्यांनी लाल रंगाची रेघ मारली होती. ॲसिड भरताना मी किंवा दादा तिच्या पलीकडे गेलो तर पाठीत धपाटा बसे. दारात खाण्याच्या सोड्याच्या पाण्याची बादली कायम भरलेली. त्यात कोपरापर्यंत हात बुडवल्याशिवाय ते घरात पाऊल टाकत नसत.

शिशाचं मात्र त्यांना कौतुक होतं. जुन्या बॅटरीतल्या प्लेटा हातोडीनं फोडायच्या, अंगणातल्या भट्टीवर कढईत वितळवायच्या, वर आलेली काळी साय पळीनं बाजूला सारायची. खालून लखलखीत रस दिसला की हाक यायची, "या रे, चांदी बघायला!" आम्ही दोघं कढईवर वाकून बघायचो. "शिसं बिचारं गरीब," अप्पा म्हणायचे. "गरम असताना लांब राहा. थंड झालं की उशाशी घेऊन झोपा."

करडी धूळ खिडकीच्या पट्टीवर बसायची, आई ती ज्या फडक्यानं पुसायची त्याच फडक्यानं ताटं पुसायची. अप्पांचे दुकानातले कपडे आमच्या कपड्यांबरोबर एकाच बादलीत भिजायचे. आईचं पोट सतत दुखायचं. दादाचं डोकं दुखायचं. पाढे त्याच्या लक्षातच राहायचे नाहीत. "डोकं कुठे गहाण टाकलंयस रे?" म्हणून अप्पांनी त्याला किती मारलं, याचा हिशेब नाही. नववीत दोनदा नापास झाल्यावर तो दुकानात बसला आणि तिथेच राहिला.

मी हुशार निघाले. रसायनशास्त्र घेऊन पदवी मिळवली. शिशाचे शरीरावर होणारे परिणाम हा प्रश्न मला परीक्षेत आला होता. मी दीड पान लिहिलं, त्यावर चांगले गुण मिळाले. ते दीड पान मी अंगणात, भट्टीपासून दहा पावलांवर बसून पाठ केलं होतं. पुस्तकातलं शिसं आणि आमचं शिसं एकच आहे, हे एकदाही डोक्यात आलं नाही.

लग्न गावातच झालं. मुलगा आठ महिन्यांचा झाल्यावर मी नोकरीवर परत गेले आणि दिवसभर त्याला अप्पांकडे ठेवू लागले. यापेक्षा सुरक्षित जागा मला सुचली नसती. अप्पांनी लाल रेघेपाशी एक लाकडी कठडा ठोकला, पोरगं ॲसिडकडे जाऊ नये म्हणून. अंगणात ते मोकळं रांगायचं. उरलेल्या शिशाचे अप्पा त्याला मासे ओतून द्यायचे. दात येताना तो तेच चावत बसायचा.

तीन वर्षांचा होईपर्यंत तो जेमतेम वीस शब्दांवर अडकला. पुढे तेही कमी झाले. पोट धरून रडायचा, चेहरा पांढराफटक. डॉक्टरीणबाईंनी तपासता तपासता विचारलं, "घरात कुणी कसला धंदा करतं का?" रिपोर्टमधला आकडा मर्यादेच्या आठपट होता.

मी तशीच दुकानात गेले.

"अप्पा, रक्तात शिसं निघालंय."

"कुणाच्या?"

"त्याच्या."

ते आधी हसले. "अगं, शिसं रक्तात कसं जाईल? ते काय सरबत आहे?"

मी सगळं सांगितलं. धूर, धूळ, हात, मासे. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. मग कोपऱ्यात बॅटरी उचलणाऱ्या दादाकडे बघत हळूच म्हणाले, "म्हणजे ह्याचंही?"

मी हातातल्या रिपोर्टची घडी घालू लागले.

"हे तुझ्या पुस्तकात होतं?"

"होतं."

"मग कधी बोलली नाहीस, पोरी." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी शटर उघडलं नाही. अप्पांनी भट्टी फोडली आणि अंगण खणायला घेतलं. अडुसष्टाव्या वर्षी, तोंडाला ओलं फडकं बांधून, हातभर खोल माती काढून पोत्यांत भरली. दादाला कुदळीला हात लावू दिला नाही. तीन आठवडे लागले. नवी माती टाकली, भिंती तीनदा धुतल्या.

मग ते दर तीन महिन्यांनी माझ्या फाटकाशी येऊन उभे राहू लागले. आंघोळ केलेले, स्वच्छ सदरा घातलेले.

"काय आलं?"

मी आकडा सांगायची. औषधांनी तो हळूहळू उतरत होता.

"आता आणतेस त्याला?"

"पुढचा रिपोर्ट बघू, अप्पा. तुम्ही आत तरी या."

"नको. कपड्यांची खात्री आहे, नखांची नाही." खिडकीतून मुलानं "आज्या!" म्हणून हाक मारली की ते वळून चालू लागायचे.

पाचव्या वेळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता घाबरण्यासारखं काही नाही. मी अप्पांना म्हटलं, अजून एकदाच बघू. त्यांनी मान हलवली. तोवर त्यांच्या पायांवर सूज आली होती, ती मी पाहिली आणि वयामुळे असेल असं धरून चालले. मूत्रपिंडं कधीचीच कामातून गेली होती. सहावा रिपोर्ट यायला महिना असताना दादाचा सकाळी फोन आला.

त्या दिवशी मी मुलाला घेऊन गेले, दीड वर्षानंतर पहिल्यांदा. अप्पांना अंगणात ठेवलं होतं. मुलगा खाली उतरायला धडपडत होता.

"सोड त्याला," दादा म्हणाला. "सगळी माती बदललीय अप्पांनी. तुझ्यासमोर बदललीय."

मला ते माहीत होतं. पाचवा रिपोर्टही पर्समध्ये होता. दादा पुन्हा म्हणाला, "अगं, जाऊ दे ना त्याला आजोबांजवळ."

माझे हात भरून आले होते. मी त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं, खाली ठेवलं नाही.