टोपलीतली मूठ

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मन्मथसारखा झाकाझाकी करणारा माणूस शोधून सापडायचा नाही. शाळेत असताना पाटीवर कोपर आडवं ठेवून गणित सोडवायचा, आणि उत्तर बरोबर असो की चूक, कुणाच्या नजरेला पडू द्यायचा नाही. त्याच्या बायकोनं, उज्वलानं, लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ओळखलं की चहात साखर कमी पडली तरी हा माणूस सांगायचा नाही, गुपचूप उठून घालून घेईल. बाकी माणूस सोन्यासारखा. वडिलांची, वैजनाथअप्पांची, शेतकऱ्यांचं धान्य विकून देणारी आडत. सकाळी तिथला हिशेब बघायचा आणि दुपारी माडीवर बसून कॉम्प्युटरवर आपलं खरं काम करायचा.

खरं काम म्हणजे 'थैली'. क्रिप्टोची नाणी मोबाइलमध्ये सांभाळणारं आणि एकाकडून दुसऱ्याकडे पाठवणारं ॲप. एकट्यानं खपून त्यानं ते बनवलं होतं आणि चार लोकांनी ते वापरावं, यापलीकडे त्याला काही नको होतं. पण वापरायला कुणी तयार होईना. नांदेडच्या कॉलेजात शिकवणाऱ्या मनस्विनी मॅडमभोवती असल्या कामाचं वेड असलेल्यांचा एक गट जमायचा. त्यांनी चांगलं म्हटलं की थैली मराठवाडाभर पोचली असती. मॅडमनी ॲप बघितलं, कौतुक केलं आणि म्हणाल्या, "आता कोड उघडा करा, मन्मथराव. आतली प्रत्येक ओळ कुणालाही वाचता आली पाहिजे. बंद पोत्यावर आम्ही भाव कसा बोलायचा?"

मन्मथ नांदेडहून बसनं घरी आला तो थेट माडीवर जाऊन बसला. अप्पांनीच त्याला बोलतं केलं.

"कोड उघडला की लोकांची नाणी दिसतील का सगळ्याला?"

"न्हाई अप्पा. किल्ली ज्याची त्याच्यापाशीच ऱ्हाते. कुलूप कसं बनवलंय तेवढं दिसतं."

"मग भ्यायचं काय त्यात?"

"कुणी बघून तसंच दुसरं ॲप काढलं तर?"

"काढू दे की. मोंढ्यात आडती लई हायेत. तरी लोक आपल्याकडं येतातच ना?"

चोरीची भीती खरं तर वरवरची होती. आपलं चुकलेलं कुणी बघेल, ही आतली भीती. तरी पंधरवडाभर घुटमळून त्यानं एकदाचा कोड सगळ्यांसाठी खुला केला आणि घामाघूम होऊन बसला.

आठवडा उलटायच्या आत मनस्विनी मॅडमनी तिथंच, सगळ्यांना दिसेल असं लिहिलं: 'नाणी पाठवून झाल्यावर उरलेली चिल्लर मालकाकडे परत यायला हवी. तुमच्या ॲपमध्ये ती बारीक असली की परत येत नाही, व्यवहार नोंदवणाऱ्यांच्या फीमध्ये निघून जाते. अगदी धुळीएवढी रक्कम सोडावी लागते हे मान्य, पण तुम्ही त्याहून कितीतरी जास्त सोडता. हे मुद्दाम केलंय का?'

मुद्दाम! मन्मथची कानशिलं तापली. त्यातला छदामही त्याच्या घरी आला नव्हता. कोड पुन्हा बंद करावा, गुपचूप दुरुस्ती करावी आणि काही झालंच नाही असं दाखवावं, असं त्याच्या मनात आलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. लॅपटॉप काखेत मारून तो खाली आडतीत आला आणि अप्पांना सगळं सांगून म्हणाला, "एवढुशी तर रक्कम. तेवढ्यासाठी बाईनं चारचौघात इज्जत काढली."

अप्पा सोयाबीन बघत होते. पोत्यातून नमुन्याला काढलेली मूठ त्यांनी सवयीनं शेजारच्या टोपलीत टाकली. नमुन्याची मूठ पोत्यात परत जात नाही, ती आडतीची, ही त्यांच्या घरातली आजोबांपासूनची रीत. दुसरी मूठ टाकता टाकता त्यांचा हात थांबला.

"एवढुशी म्हणून सोडून द्यायची, हे तुला कुणी शिकवलं रे?"

मन्मथनं टोपलीकडं बघितलं. याच टोपलीशेजारी बसून तो लहानपणी गृहपाठ करायचा.

मग माडीवर जाऊन त्यानं आधी ती चूक दुरुस्त केली आणि मॅडमच्या मजकुराखाली उघड लिहिलं: 'मुद्दाम नाही, पण चूक माझीच. आमच्या आडतीत नमुन्याची मूठ परत जात नाही. ते बघत मोठा झालो, म्हणून ही चूक मला चूक वाटलीच नाही. आता दुरुस्त केली आहे. बघून घ्या.' लिहून झाल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं की त्याचं त्यालाच हसू आलं. संध्याकाळी मॅडमचं उत्तर आलं: 'बघितलं. थैली आता माझ्या मोबाइलमध्ये आहे, आणि गटालाही कळवलंय.' त्यानं ते अप्पांना दाखवलं, उज्वलाला दाखवलं, आणि चहात साखर कमी आहे, हेही त्या दिवशी तोंडानं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहिला सौदा आटोपल्यावर वैजनाथअप्पांनी टोपली उचलली आणि ज्याचा माल होता त्या व्यंकटीच्या पोत्यात उपडी केली. इतक्या वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. व्यंकटी पार गडबडून गेला.

"अप्पा, माझ्या मालात काही चुकलं का?"

"तुझं न्हाई, माझं," अप्पा म्हणाले. "नांदेडच्या एका बाईनं धरलं."